उतारावरची खडी खाली का येते? (गाडीवाट आणि पायवाट, दुसऱ्यांदा करतेय)

उतारावरची (धागाकर्ती)

लोकहो, दीड वर्षापूर्वी शहाणपणा केला, त्याची फळं आता चाखतेय. या वेळी घाई नाही, आधी विचारून मगच कुदळ उचलणार.

जागा अशी: फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत गाडीवाट, लांबी ४० फूट, रुंदी १० फूट. फाटकाकडचे २५ फूट जवळपास सपाट, पुढचे १५ फूट चढ. शिवाय घराच्या कडेने मागे जाणारी ३ फुटी पायवाट, लांबी १८ फूट, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरणीचीच. माती चिकण. ओली झाली की चपलेला धरते, सुकली की भेगा पडतात.

तेव्हा केलं काय, तर गवत खरवडलं आणि वर चार इंच गुळगुळीत गोटे ओतले. आठवडाभर दिसायला फार छान. मग चाकं रुतायला लागली. चढावर चाक जागच्या जागी फिरायचं आणि गोटे मागे उडायचे. पहिल्या मोठ्या पावसात निम्मे गोटे फाटकाशी येऊन बसले. मी ते घमेल्याने वर नेले, ते पुन्हा खाली आले. दीड वर्ष हाच खेळ. आता चढावर गोट्यांपेक्षा चिखल जास्त दिसतो, आणि उरलेले गोटे त्यात असे रुतलेत की काढायला पहार लागते.

तर विचारायचं ते: कुठली खडी? किती खोल? धुम्मसाने (हाताने ठोकायच्या जड ठोकण्याने) भागेल की मशीन भाड्याने आणू? आणि चढावर खडी राहते तरी का, की मी उगाच हट्ट धरून बसलेय?

जुनी पहार

गोटे काढ आणि झाडांच्या आळ्यात टाक. गाडीखाली ते कधीच बसणार नाहीत. गोटा म्हणजे घासून घासून कोपरे गेलेला दगड. एकाला दुसरा टेकतो तो जेमतेम टिंबाएवढ्या जागेवर, वजन आलं की घरंगळलाच. क्रशरवर फोडलेली खडी कोनाकोनांची असते. एकीचा कोपरा दुसरीच्या बगलेत शिरतो आणि दाब आला की आणखी अडकतो. मूठभर गोटे आवळून बघ, मग मूठभर खडी आवळ. खडी हातात करकरते आणि धरून बसते, गोटे बोटांतून निसटतात.

दुसरी चूक म्हणजे खोदलंच नाहीस. वरची काळी भुसभुशीत माती, मुळं, कुजका पाला सगळं निघायला हवं. ते खाली राहिलं तर वर सोनं अंथरलंस तरी खचणार. साध्या गाडीसाठी ८ इंच खोद. त्यात ६ इंच दबाई झालेला पाया, आणि वर दीड-दोन इंच मोकळी खडी. मोकळ्या खडीचा थर याहून जाड करू नको. चार इंच सुट्या खडीत चाक पोहतं.

चिखलखाऊ

एवढं खोदकाम कशाला? आमच्याकडे नुसती खडी टाकली आहे, दर दोन वर्षांनी वर थोडी ओततो. चालतंय की.

जुनी पहार

तुमची जमीन मुरमाड असणार. मुरुमावर चालतं. हिची माती चिकण आहे. दर वेळी ओतलेली खडी कुठे जाते असं वाटतं तुम्हाला? खाली जाते. ओल्या चिकणमातीत चाक दाबतं तेव्हा खडी खाली शिरते आणि चिखल फटीतून वर येतो.

अर्धवट इंजिनिअर

पायासाठी एकाच मापाची खडी आणू नका, ही चूक फार जण करतात. नुसती २० एमएम खडी कितीही दाबा, दाणे हलून जरा नीट बसतात इतकंच. ढिगात ४० टक्क्यांच्या आसपास पोकळीच असते आणि ती भरायला काही नसतं. पायाला मिश्र माल लागतो: ४० एमएमपासून खाली २०, १०, ग्रिट आणि अगदी भुकटीपर्यंत सगळं एकत्र. मोठ्यांच्या फटीत मधले, मधल्यांच्या फटीत बारीक, आणि उरलेल्या जागेत भुकटी. दबल्यावर तो दगडासारखा होतो.

वरच्या मोकळ्या थराला नेमकं उलट. तिथे भुकटी नको, धुतलेली एकाच मापाची खडी हवी. गाडीवाटेला १० ते २० एमएममधली, पायवाटेला ६ ते १०. भुकटी वर राहिली तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसात बुटाला चिकटून घरात.

आता हिशेब. ४० × १० फूट म्हणजे ४०० चौरस फूट. अर्धा फूट पाया, म्हणजे दबलेला माल २०० घनफूट. सुटा माल दबल्यावर साधारण पाचवा हिस्सा बसतो, म्हणून २५० घनफूट मागवा. १०० घनफुटाचा एक ब्रास धरला तर अडीच ब्रास. वरच्या दोन इंचाला आणखी ६५-७० घनफूट. पायवाट वेगळी.

घमेलं-फावडं

मी हे काम हाताने आणि मशीनने दोन्ही तऱ्हांनी केलंय, म्हणून बोलतो. धुम्मस पायवाटेला आणि कोपऱ्यांना ठीक. ४०० चौरस फूट धुम्मसाने ठोकायला गेलात तर खांदे उतरतील आणि दबाई कुठे झाली, कुठे नाही हे कळणारही नाही. प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरत्या सपाट प्लेटने माल दाबणारं मशीन, भाड्याने आणा.

पण मशीन आणलं की काम झालं असं नाही. सहा इंच माल एकदम ओतायचा आणि वरून मशीन फिरवायचं, हा सगळ्यांचा आवडता आळस. ८०-१०० किलोच्या प्लेटचा जोर चारेक इंचापर्यंत पोचतो. वरचं कवच कडक होतं, आत पोकळच राहतं, आणि सहा महिन्यांनी चाकांच्या रेघा खचतात. दोन थर करा. सुटा माल पावणेचार इंच पसरा, दाबून तीन इंच होईल. मग दुसरा. प्रत्येक थराला तीन-चार फेऱ्या, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवून.

पाणी हा दुसरा मुद्दा. कोरडा माल दबत नाही, नुसता थरथरतो आणि भुकटी खाली गळून जाते. भिजवून चिखल केला तर तोही दबत नाही. मूठ भरून आवळा. लाडवासारखा गोळा झाला पाहिजे, अंगठ्याने दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे, आणि तळहाताला ओल लागली तरी पाणी गळता कामा नये. गोळाच होत नसेल तर झारीने शिंपडा. बोटांतून पाणी आलं तर मशीन बंद करून घरी जा.

आणि कान उघडे ठेवा. सुरुवातीला मशीनचा आवाज धपधप, बसका येतो. थर बसत आला की आवाज कडक होतो आणि प्लेट उसळायला लागते. मग आणखी फेऱ्या मारून उपयोग नाही, उलट वरचे दाणे फुटतात. (इतक्या जवळून आवाज ऐकायचा म्हणजे कानाला मफ हवेतच. धुळीसाठी मास्कही.)

अर्धवट इंजिनिअर

मुठीची परीक्षा एकदम बरोबर, आणि तिच्यामागे शास्त्र आहे. कॅलिफोर्नियात मातीची धरणं बांधताना राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरने १९३३ साली दाखवून दिलं की तेवढ्याच ठोकाठोकीत माती किती दबेल हे तिच्यातल्या ओलीवर ठरतं. ओल वाढवत नेली की दाट होत जाते, एका टोकाला पोचते, आणि त्यापुढे पाणीच जागा अडवून बसतं. म्हणून पुन्हा विरळ. प्रयोगशाळेत आजही ही चाचणी त्याच्याच नावाने करतात. आपण मूठ आवळतो ती त्याच टोकाच्या शोधात.

हिरवी_चप्पल

खालच्या कापडाबद्दल कुणीच बोललं नाही. जिओटेक्स्टाइल टाकायचं की नाही?

चिखलखाऊ

बिलकुल नको. आमच्या शेजारी टाकलं होतं. वर खडी, खाली कापड, पाऊस आला आणि सगळी खडी कापडावरून घसरगुंडी खेळत खाली. शिवाय गवत उगवलं ते उगवलंच.

जुनी पहार

ते कापड होतं की प्लास्टिकचा कागद?

चिखलखाऊ

काळं होतं. चकचकीत. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पाणी साचायचं त्यावर.

जुनी पहार

मग तो कागद होता. त्यातून पाणी जात नाही, आणि वर ओलसर खडी म्हणजे घसरणारच. जिओटेक्स्टाइल विणलेलं किंवा नमद्यासारखं असतं. पाणी जाऊ देतं, माती अडवतं. ते तण मारायला नसतं, तणाचं बी वरून वाऱ्याने येऊन खडीतल्या धुळीत रुजतं, त्याला कापड काय करणार. कापडाचं काम एकच: चिकणमाती आणि पायाचा माल एकमेकांत मिसळू न देणं. हिच्या जागी मी डोळे झाकून टाकेन. खोदून झाल्यावर तळाला अंथरायचं, जोड आला तिथे कमीत कमी फूटभर एकावर एक, आणि चढावर वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर यायला हवा, कौलासारखा. वरच्या मोकळ्या खडीच्या लगेच खाली मात्र घालू नका. तिथे ते उघडं पडून फाटतं आणि चाकाला गुंडाळतं.

पाण्याची वाट

सगळे खडीबद्दल बोलताहेत. मला एकच विचारायचंय ताई. छताचं पाणी कुठे पडतं?

उतारावरची

पन्हळीचा पाइप पुढच्या कोपऱ्यात उतरवलाय. म्हणजे… चढाच्या माथ्यावर.

अरे देवा.

पाण्याची वाट

तेच. गोट्यांना उगाच दोष देत होतात. गोटे वाईटच, पण अख्ख्या छताचं पाणी एका पाइपातून चढाच्या माथ्यावर सोडल्यावर तिथे खडी काय, फरशीसुद्धा उखडेल. खडीचं काम सुरू करण्याआधी ते पाणी वळवा. पाइपाला जोड देऊन बंद नळीतून बाजूला न्या, गाडीवाटेच्या बाहेर.

मग उताराचं गणित. खडीच्या वाटेला दोन उतार असतात, एक लांबीचा आणि एक आडवा. लांबीचा जमिनीने दिलेला, तो आपल्या हातात नाही. आडवा आपण द्यायचा, दहा फुटाला तीन ते चार इंच. मधून उंच आणि दोन्ही कडांना उतार, किंवा सगळा एकाच बाजूला. हेतू एवढाच की पडलेलं पाणी चाकाच्या रेघेतून लांबवर धावू नये, लगेच कडेला उतरावं. हा आडवा उतार खोदलेल्या तळालाच द्या. तळ सपाट ठेवून वर खडीने उतार केलात तर आत मुरलेलं पाणी तळाशी डबक्यासारखं बसेल आणि चिकणमाती लोणी होईल.

चढाच्या माथ्यावर एक आडवी चर हवी. पायथ्याशी दुसरी. जाळीचं झाकण असलेली तयार पन्हळ मिळते, नाहीतर चर खणून कापडात गुंडाळलेली मोठी खडी आणि छिद्रांची नळी. नळीची छिद्रं खालच्या बाजूला. वर केलीत तर चरीतलं पाणी छिद्रांपर्यंत चढेपर्यंत नळीत शिरतच नाही.

उतारावरची

पाइपाचं आज डोक्यात गेलं ते गेलंच. दीड वर्ष घमेली वाहिली मी!

चढ किती हे कसं मोजायचं? डोळ्याला फार वाटत नाही.

अर्धवट इंजिनिअर

एक मीटर लांब सरळ फळी घ्या. एक टोक चढावर टेकवा, फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवा, बुडबुडा मधे येईपर्यंत दुसरं टोक उचला. त्या टोकाखालचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. ८ सेंमी आलं तर ८ टक्के. तीन-चार ठिकाणी मोजा, एकाच जागी नको.

टक्के आणि अंश यात गल्लत नको. १० टक्के म्हणजे पावणेसहा अंश. ४५ अंश म्हणजे १०० टक्के. कुणी 'पंधराचा उतार' म्हणालं तर पंधरा काय, ते आधी विचारा.

उतारावरची

मोजलं. गाडीवाटेचा चढ: १२, १३.५, १३. पायवाट: २१, २२, २३. तोंडाला फेस आला.

पाण्याची वाट

७-८ टक्क्यांपर्यंत मोकळी खडी सुखाने राहते. १० ओलांडले की चाक आणि पाणी मिळून तिला खाली आणतात, दर पावसानंतर दाताळं घेऊन उभं राहावं लागतं. १५ च्या पुढे मी मोकळी खडी कुणाला सुचवत नाही. म्हणजे तुमची गाडीवाट कुंपणावर, आणि पायवाट सरळ बाद. २२ टक्क्यांवर सुटी खडी म्हणजे मुद्दाम केलेली घसरगुंडी.

गाडीवाटेच्या १५ फुटांना मधमाशीच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी घाला. दीडेक इंच खोल कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यातली खडी तिथेच अडकून राहते. जाळी एकमेकीत अडकवायची, वरच्या कडेला आणि मधे मधे लोखंडी खिळे ठोकून जमिनीला धरायची. पण खालचा पाया तोच सहा इंची, तसाच दाबलेला. पाया कच्चा असेल तर जाळीच लाटेसारखी वाकते. खडी १० एमएमच्या आसपासची भरा, म्हणजे कप्प्यात नीट जाते, आणि कप्प्यांच्या वर पाव इंच राहील इतकीच. तिथे दोन इंच ओतलीत तर जाळीवरची खडी पुन्हा मोकळीच, ती येणारच खाली.

हिरवी_चप्पल

खडीत सुकं सिमेंट मिसळून वरून पाणी मारलं तर? एका व्हिडिओत पाहिलं.

घमेलं-फावडं

पापड होतो. वर पातळ कवच धरतं, चाकाखाली फुटतं, मग तुकडे खडीत फिरतात आणि पाणीही मुरत नाही. काँक्रीट हवं असेल तर नीट काँक्रीट करा. खडी हवी असेल तर खडी. खिचडी नको.

जुनी पहार

पायवाटेला पायऱ्या कर. कडेला दगड किंवा लाकडी ओंडका आडवा, त्यामागे दाबलेला माल, वर बारीक खडीचा पातळ थर. १८ फूट म्हणजे २१६ इंच, २२ टक्क्यांनी उतार जवळपास ४८ इंच. आठ पायऱ्या, प्रत्येकी २७ इंच लांब. पायरीलाही पुढच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, अर्धा इंच, म्हणजे पाणी थांबत नाही. आठ पायऱ्यांत मिळून चार इंच त्यातच गेले, उरलेले ४४ आठांत वाटले की साडेपाच इंच उंची. चढायला हलकी.

पाण्याची वाट

पहारकाका, उंची चांगली, पण २७ इंच लांबी चालताना त्रास देईल. बागेतल्या पायरीवर माणूस एका पावलात जातो किंवा दोन पावलात. एका पावलाची पायरी १४-१५ इंच लांब लागते, दोन पावलांची ३९-४०. सत्तावीस म्हणजे एक ना धड. दर पायरीला पाऊल आखडावं लागतं नाहीतर ताणावं लागतं.

जुनी पहार

मुद्दा मान्य. पण ४० इंची पायरी घेतली तर १८ फुटांत पाचच बसतात, आणि उंची जाते आठ इंचाच्या पुढे. म्हाताऱ्या माणसाला नको.

पाण्याची वाट

म्हणून वाट सरळ न नेता एक वळण द्या. जागा असेल तर १८ चे २४ फूट होऊ देत. २८८ इंच, सात पायऱ्या, प्रत्येकी ४१ इंच, उंची सहा-साडेसहा इंच. दर वेळी तोच पाय वर चढेल हे खरं, पण चाल मोडणार नाही.

उतारावरची

तुम्ही दोघं भांडलात ते बरं केलंत. मी फाटकाजवळच्या सपाट जागेवर खडूने रेघा मारल्या, आधी २७ इंचांवर, मग ४१ वर, आणि हातात भरलेली बादली घेऊन चालून पाहिलं. २७ वर चौथ्या रेघेला अडखळले आणि पाणी पायावर सांडलं. ४१ वर काही विचारच करावा लागला नाही. वळणाला जागा आहे, फक्त एक झुडूप हलवावं लागेल.

मशीन पुढच्या आठवड्यात येतंय. चढावर ते चालवताना काही काळजी?

घमेलं-फावडं

खालून वर दाबत जा. खालचा भाग आधी बसला की वरच्याला टेकू मिळतो. वरून खाली आलात तर मशीन माल पुढे लोटत नेतं. आणि मशीनच्या खालच्या बाजूला कधीही उभं राहू नका. शंभर किलोचं धूड थरथरत घसरलं तर हाताने थांबत नाही. प्लेटला दोर बांधून वरच्या बाजूला दुसरा माणूस उभा ठेवा. आडव्या उतारावरही खालच्या कडेपासून सुरुवात.

चिकणमातीचा तळ दाबायला प्लेटपेक्षा उड्या मारणारा रॅमर चांगला. प्लेट खडीसाठी, रॅमर चिकणमातीसाठी. तळ छोटा असेल तर धुम्मस आहेच.

खोदायच्या आधी पाण्याची नळी, वायर, ड्रेनेज कुठून जातं ते खूण करून ठेवा. आणि अंतिम पातळी घराच्या जोत्यापासून निदान सहा इंच खाली राहील ना, ते दोरी लावून बघा. खडीची भर घालता घालता लोक जोतंच बुजवतात आणि मग भिंतीला ओल येते म्हणून रंगाऱ्याला बोलावतात.

अर्धवट इंजिनिअर

कडा विसरू नका. दाबलेला माल कडेला मोकळा सोडला तर चाक कडेवरून गेलं की ढासळतो. दगडी किंवा काँक्रीटची पट्टी, मागून काँक्रीटचा टेकू. खालच्या बाजूची पट्टी पायाच्या पातळीला टेकलेली ठेवा किंवा मधे मधे फट ठेवा, नाहीतर सगळा आडवा उतार करून शेवटी धरण बांधल्यासारखं होतं.

अवांतर: डांबराच्या आधीचे खडीचे रस्ते ज्याच्या नावाने ओळखले जातात तो जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) आपल्या चिखलखाऊंशी अर्धा सहमत झाला असता. त्याच्या काळात थॉमस टेलफर्ड रस्त्याच्या तळाला मोठे दगड हाताने रचायचा, आपल्या सोलिंगसारखे. मॅकॅडमचं म्हणणं होतं की ओझं शेवटी खालची मातीच पेलते, फक्त तिला कोरडी ठेवा. रस्ता भोवतीच्या जमिनीपेक्षा उंच, मधून फुगीर, आणि दगड बारीक फोडलेले: खालच्या आठ इंचांत तीन इंचांपर्यंत, वरच्या दोन इंचांत पाऊण इंचापर्यंत. वरचा दगड घोडागाडीच्या चाकाच्या लोखंडी पट्टीहून बराच लहान हवा, म्हणजे चाक त्याला उलटवत नाही, दाबतं. गाडीच्या टायरलाही हेच लागू आहे.

चिखलखाऊ

बघा, माझ्या बाजूने इतिहास आहे.

जुनी पहार

'कोरडी ठेवा' हा भाग तुम्ही वगळलात.

उतारावरची

काम चालू आहे, म्हणून थोडं सांगते.

खोदून झाल्यावर तळावरून गाडी अगदी हळू नेली, भाऊ खाली वाकून बघत होता. सपाट भागात एका जागी चाक पुढे गेलं की मागची माती गादीसारखी वर यायची. पहारीने टोचलं तर पहार नुसत्या हाताने फूटभर आत गेली. खणलं तर जुन्या झाडाचा कुजलेला बुंधा! वर काहीच दिसत नव्हतं. तो सगळा काढला आणि पायाचा मालच थराथराने भरून धुम्मसाने ठोकला.

पहिला थर छान बसला. दुसऱ्या थराला मीच शहाणपणा केला, झारीऐवजी नळी लावली. दुसऱ्या फेरीला मशीनखालचा माल थुलथुलायला लागला, आणि प्लेटच्या कडेने राखाडी पाणी वर आलं. चालताना पायाखाली हलायचं. भाऊ म्हणाला अजून दोन फेऱ्या मारू, बसेल. नाही बसलं, जास्तच हललं. घमेलं-फावडं यांचं 'मशीन बंद करून घरी जा' आठवलं.

घमेलं-फावडं

बरोबर केलंत. काहीही टाकू नका, उन्हाला लागू दे. वरचा दोन इंच दाताळ्याने सैल करा म्हणजे लवकर वाळेल. मुठीची परीक्षा लागली की पुन्हा दाबा.

उतारावरची

दोन दिवस थांबले. मशीन परत करून पुन्हा आणावं लागलं, तो वेगळा मनस्ताप. पण आता टाच मारली तरी ठसा उमटत नाही. खिळा हाताने आत जात नाही.

जाळी घातली. भरताना एक शिकले: चढावर खालून भरत गेलं की उरलेली खडी दाताळ्याने वर ओढावी लागते. वरून ओतून खाली ओढत आणली तर कप्पे आपोआप भरतात. दबाई खालून वर, जाळी भरणं वरून खाली. भरून झाल्यावर मशीनची एकच हलकी फेरी मारली, कप्प्यातली खडी अर्धा इंच बसली, पुन्हा वरून थोडी टाकली.

पायऱ्या सात झाल्या. झुडूप जगलं.

हिरवी_चप्पल

फाटक? पातळी वर आली तर घासत नाही ना?

उतारावरची

घासतं. उजवं दार शेवटच्या फूटभरात. हे मला आधी कुणी का नाही विचारलं!

जुनी पहार

दाराचं बिजागर वर घे, खडी खाली घेऊ नको.

उतारावरची

तीन आठवड्यांनी येतेय. परवा रात्रभर पाऊस झाला. पहाटे छत्री घेऊन बाहेर जाऊन उभी राहिले, घरचे वेड्यात काढत होते. माथ्यावरच्या चरीत पाणी खळाळत जात होतं, छताचं पाणी नळीतून पलीकडे. चढावर पाणी होतं, पण धावत नव्हतं, कडेला सरकत होतं. सकाळी फाटकाशी जाऊन खाली आलेली खडी वेचली. एका ओंजळीत मावली.

एक तक्रार. फाटकाच्या आत जिथे गाडी वळवतो तिथे दोन खळगे पडलेत, चाकांच्या आकाराचे. नुसती खडी टाकून भरू का?

पाण्याची वाट

गाडी उभी असताना स्टिअरिंग पिळता ना? चाक जागच्या जागी फिरतं आणि खडी खरवडतं. आधी गाडी हलू द्या, मग वळवा. खळगा फक्त वरच्या मोकळ्या थरात असेल तर दाताळं मारून सारखा करा. पायापर्यंत गेला असेल तर त्याच्या कडा चौकोनी कापून घ्या, तळ पाण्याने ओलसर करा आणि मिश्र माल भरून धुम्मसाने ठोका. वाटीसारख्या खळग्यात सुटी खडी ओतली की पुढच्या चार फेऱ्यांत ती बाहेर उडते आणि तळाशी पाणी साचतं.

उतारावरची

स्टिअरिंग नवरा पिळतो. सांगते त्याला.

वरची खडी सातेक घमेली उरली आहे. कुणाला देऊन टाकू का?

जुनी पहार

पोत्यात भरून मागे ठेव. पहिल्या वर्षात चाकांच्या पट्ट्यात लागेलच, आणि पुढच्या वेळी तोच रंग मिळत नाही.